वेश्या कोणास म्हणावे?
(कौंडण्यपूर येथे कार्तिकी यात्रेच्या दिवशी दिलेले व्याख्यान)



वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीमातेच्या माहेरी आपण जमलो आहोत. माहेरी लेकीची गोष्ट काढावी, म्हणून आज लेकीविषयीच बोलतो. विषय चारचौघांत बोलण्याची आपल्याला लाज वाटते. पण आपल्या लाजेत फावते ते दलालाचे.

गावात बायकांचे भांडण जुंपले की पहिली शिवी कोणती निघते, ते सांगावयास नको. नवऱ्याने टाकलेली, मजुरीसाठी परगावी गेलेली, अंधार पडल्यावर घरी आलेली, सर्वांना तोच एक शब्द. पण कायदा त्या शब्दाचा काय अर्थ करतो, हे किती जणांस ठाऊक आहे?

१९५६ साली देशात या बाबतीत कायदा झाला. तेव्हा त्यात अर्थ असा होता की, पैसा किंवा वस्तू घेऊन अनेकांस देह देणे हे स्त्रीचे कृत्य म्हणजे वेश्याव्यवसाय. सारा भार बाईच्या माथी! १९८६ साली हा अर्थ बदलला. आता धंद्यासाठी माणसाचे लैंगिक शोषण किंवा दुरुपयोग करणे, याला वेश्याव्यवसाय म्हणतात. कुणब्याच्या भाषेत सांगतो. खळ्यावर राबणारा एक आणि रास उचलून नेणारा दुसरा. जुना अर्थ राबणाऱ्याकडे बोट दाखवी. नवा अर्थ विचारतो, रास कोणाच्या घरी गेली?

म्हणून कुंटणखाना चालविणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास एक ते तीन वर्षे सक्तमजुरी आहे. जाणूनबुजून तिच्या कमाईवर जगणाऱ्या सज्ञान माणसास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. फूस लावून या धंद्यात आणणाऱ्यास निदान तीन वर्षे, आणि मूल असेल तर निदान सात वर्षे, जन्मठेपही होऊ शकते. मुंबईत नोकरी लावून देतो, हुंडा न घेता स्थळ आणतो, असे सांगत दारी येणारा मनुष्य कधी कधी हाच असतो. पत्ता पाहिल्यावाचून लेक कोणाच्या हवाली करू नका.

मात्र कायदा अजून निर्मळ नाही. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावल्यास स्त्रीला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि तोच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त तीन महिने! अपराध एक, मापे दोन. ही मापे आपल्या ओळखीची आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. सुटका झालेल्या मुलीस घरी सोडण्यापूर्वी मॅजिस्ट्रेट चौकशी करवितो की, तिचे आईबाप किंवा नवरा तिला सांभाळण्यास लायक आहेत काय आणि घरची परिस्थिती कशी आहे. ऐकलेत काय? तेथे परीक्षा एकट्या मुलीची नाही, आपल्या घराचीही आहे! अशाच एका प्रकरणात तीन सज्ञान स्त्रियांस, त्यांच्या समाजात हाच धंदा चालतो म्हणून, आईबापांकडे न देता वसतिगृहात ठेवण्याचा हुकूम झाला होता. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वेश्याव्यवसाय हा स्वतः या कायद्याने गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा स्त्रियांस इतरांप्रमाणेच मानाने जगण्याचा हक्क आहे, असे बजावले.

न्यायालयाने दार उघडले. पण घराचे दार न्यायाधीश उघडू शकत नाही. ते तुम्हीआम्ही उघडावयाचे. फसलेली लेक परत आली तर पंगतीत तिचे पान मांडाल काय? की दलालाने एकदा विकली, तिला आपण शिवीने रोज विकू?

ज्या गावाला रुक्मिणीचे माहेर म्हणून मान आहे, तेथून इतके ठरवून जा: तो शब्द तोंडातून काढणार नाही, आणि परतलेल्या लेकीला माहेर नाही असे होऊ देणार नाही.