अठरा नंबरचं गाणं

(नभोवाणीवरील भाषण)



"तुमचं अठरा नंबरचं गाणं कोणतं?"

यजमानांच्या नोकरीमुळे जपानमधल्या ओकायामा शहरात आमचं बिऱ्हाड होतं. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या बाईंनी मला हा प्रश्न विचारला. मी पुण्यात जपानी शिकून गेले होते, त्यामुळे शब्द कळले, पण प्रश्न काही कळला नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. काबुकी रंगभूमीवर इचिकावा दान्जूरो हे मोठं घराणं. त्यातल्या सातव्या दान्जूरोंनी आपल्या घराण्याची म्हणून अठरा नाटकं निवडली. तेव्हापासून 'जूहाचिबान', म्हणजे अठरा क्रमांक, या शब्दाला अर्थ आला तो ज्याच्या त्याच्या हुकमी चिजेचा. बाई मला विचारत होत्या, चार माणसांत गा म्हटलं तर तुम्ही डोळे मिटून कोणतं गाणं म्हणाल?

त्या आणि त्यांच्या चार मैत्रिणी दर बुधवारी दुपारी कराओकेला जात. सगळ्या पन्नाशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. पुढच्या बुधवारी त्यांनी मलाही नेलं. आज मला त्या दुपारींबद्दल आणि त्या गाण्यांबद्दल बोलायचं आहे.

कराओके म्हणजे रिकामा वाद्यवृंद. 'कारा' म्हणजे रिकामं आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं जपानी तोंडात झालेलं लहान रूप. साथ सगळी तयार, गाणाऱ्याची जागा तेवढी मोकळी. कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचे वादक होते. बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना ते साथ करायचे. 1971 साली त्यांनी ही साथ यंत्रात बसवली. शंभर येनचं नाणं टाकायचं आणि गायचं. त्यांनी या यंत्राचं पेटंट घेतलं नाही. कराओके जगभर गेलं.

पण सुरुवातीची ती यंत्रं होती बारमध्ये. ऑफिस सुटल्यावर पुरुषांनी बसायची ती जागा. घर सांभाळणाऱ्या बाईनं दुपारी जाऊन गावं अशी जागा व्हायला आणखी पंधराएक वर्षं जावी लागली. 1985च्या सुमारास मालवाहतुकीच्या जुन्या कंटेनरला आतून सजवून त्याची गाण्याची खोली केली गेली. दार लावा, आपल्या माणसांत गा. ही पहिली खोली उभी राहिली ती याच ओकायामा भागात. पुणेकर श्रोत्यांना ओकायामा हे नाव परकं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचंच उद्यान आहे. ओकायामातल्या कोराकुएन या प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर ते केलं आहे. त्या शहरानं आपल्याला बाग दिली, आणि त्याच भागानं जपानच्या बायकांना दार लावून गाता येईल अशी खोली दिली.

खोली अगदी लहान. भिंतीला धरून बाकं, मध्ये टेबल, समोर पडदा, दोन माइक आणि ताल धरायला खंजिरी. दुपारचे दर संध्याकाळपेक्षा स्वस्त. चहा येतो, कॉफी येते. पाळीपाळीनं गायचं, लागोपाठ दोन गाणी एकीनं घ्यायची नाहीत, आणि दुसरी गात असताना मनापासून टाळ्या वाजवायच्या. हे कुणी सांगत नाही, पण सगळ्या पाळतात.

आणि गाणी? या बायका 1965च्या आगेमागे जन्मलेल्या. त्यांची गाणी शोवा काळातली, म्हणजे 1989च्या जानेवारीत संपलेल्या युगातली. अशा जुन्या, आठवणीतल्या गाण्यांना तिथे 'नात्सुमेरो' म्हणतात. 'नात्सुकाशी' या शब्दातलं 'नात्सु' आणि मेलडीतलं 'मेरो'. नात्सुकाशी म्हणजे जुनं काही अचानक भेटल्यावर जे बरं वाटतं आणि आत थोडं दुखतं, ते दोन्ही एकदम.

सुरुवात व्हायची ती पिंक लेडीच्या 'यूएफओ'नं. 1977चं गाणं. मिई आणि केई या दोन तरुण गायिकांची ही जोडी. त्यांच्या गाण्यांवरचे हातवारे तेव्हा शाळकरी मुलींनी घरोघरी पाठ केले होते. आमच्यातल्या दोघी उठायच्या. एकीचे गुडघे दुखत असत, दुसरीच्या कमरेला पट्टा. पण सूर सुरू झाला की डोक्यामागून हात नेमका त्याच ठेक्यावर वर जायचा. चाळीस वर्षांत तो हात काही विसरला नव्हता.

मग कुणी तरी 'त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी' लावायचं. त्सुगारूच्या सामुद्रधुनीतला हिवाळा. हेही 1977चंच. गीतकार आकू यू, संगीतकार मिकी ताकाशी आणि गायिका इशिकावा सायुरी, तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची. तोक्योच्या उएनो स्टेशनवरून रात्रीच्या गाडीनं निघालेली एक एकटी बाई बर्फातल्या आओमोरीला उतरते आणि होक्काइदोच्या बोटीत चढते. 1988च्या मार्चमध्ये समुद्राखालून जाणारा, एकूण सुमारे 54 किलोमीटरचा सेइकान बोगदा सुरू झाला आणि रेल्वेच्या त्या बोटी बंद झाल्या. त्यातली एक बोट आता आओमोरीच्या धक्क्यावर संग्रहालय होऊन उभी आहे. कोकणच्या माणसाला बंद पडलेल्या बोटीचं दुःख वेगळं सांगायला नको. पण पडद्यावर शब्द रंगत जातात, खोलीतली बाई गाते, आणि बोट पुन्हा सुटते.

त्यानंतर यायच्या दोन नायिका, यामागुची मोमोए आणि मात्सुदा सेइको. मोमोएनं चौदाव्या वर्षी गायला सुरुवात केली आणि 1980च्या ऑक्टोबरमध्ये, एकविसाव्या वर्षी, बुदोकानच्या सभागृहात शेवटचं गाणं म्हणून पांढरा माइक रंगमंचावर ठेवून दिला. पुढच्या महिन्यात लग्न केलं. नंतर ती गायला परतली नाही. त्याच 1980च्या वसंतात सेइको आली. तिच्यासारखे केस कापून घेणाऱ्या मुली शाळाशाळांत दिसू लागल्या. तिचं 'आकाई स्वीट पी' 1982चं. शब्द मात्सुमोतो ताकाशींचे आणि चाल मात्सुतोया युमीची, टोपणनावानं दिलेली. सेइकोनंही लग्न केलं, तिला मुलगी झाली, पण तिनं गाणं सोडलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलींसमोर एकाच वर्षात हे दोन रस्ते उभे राहिले होते. बुधवारच्या आमच्या खोलीतही एकीनं लग्नानंतर बँकेतली नोकरी सोडली होती आणि दुसरीनं मुलाला सासूकडे ठेवून शाळेत शिकवणं चालू ठेवलं होतं. त्या आळीपाळीनं मोमोए आणि सेइको गात. कुणी कुणाला काही विचारत नसे. पण टाळ्या वाजवताना त्या एकमेकींकडे पाहायच्या, आणि त्या पाहण्यात सगळं आलं.

आता शेजारच्या बाईंच्या अठरा नंबरच्या गाण्याविषयी. ते होतं मोमोएचंच 'कॉसमॉस'. सादा मासाशींनी लिहिलेलं आणि त्यांनीच चाल दिलेलं. सालही 1977चंच. मोमोए तेव्हा अठरा वर्षांची. उद्या लग्न होऊन जाणारी मुलगी आणि तिची आई, एवढंच त्यात आहे. अंगणात कॉसमॉसची फुलं, कोवळं ऊन. आई जुना अल्बम उघडून मुलीच्या लहानपणीच्या त्याच त्याच गोष्टी सांगत बसते, आणि मुलीला वाटतं, अजून थोडा वेळ हिची मुलगी होऊन राहू दे.

बाई यंत्रावरची कळ दाबून पट्टी तीन पायऱ्या खाली आणत. कराओकेत ही सोय असते, आणि मला ती फार मायेची वाटते. गाणाऱ्यानं सुरापर्यंत चढायचं नाही, सूरच खाली उतरून गाणाऱ्याच्या गळ्याशी येतो.

त्या वर्षी शरदात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्या बुधवारी त्यांनी नेहमीचंच गाणं घेतलं. गाऊन झालं, यंत्रानं गुण दाखवले, शंभरात ब्याऐंशी. माइक खाली ठेवून त्या मला म्हणाल्या, "बारा वर्षांची असताना मी हे गाणं पाठ केलं, तेव्हा मी मुलगीच होते. लग्नाच्या आदल्या दिवशी गुणगुणलं, तेव्हाही मुलगीच होते. आज गाताना पहिल्यांदा लक्षात आलं, की अल्बम मी उघडून बसले आहे."

श्रोतेहो, मला आजवर वाटत असे की जुनी गाणी आपल्याला मागे नेतात. गाणं लागलं की आपण पुन्हा सोळा वर्षांचे. त्या दुपारी मला वेगळंच दिसलं. गाणं तिथेच होतं, शब्द तेच, चाल तीच, आणि बाई त्या गाण्यातून चालत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचल्या होत्या. अठरा वर्षांच्या मुलीच्या आवाजात ऐकलेलं ते गाणं त्यांच्यासाठी पन्नाशीत पुरं झालं. म्हणून या गाण्यांना पन्नाशीतला आवाज लागतो. तो थोडा जाड झालेला असतो, श्वास मध्येच तुटतो, पण कोणत्या शब्दावर थांबायचं हे त्याला ठाऊक असतं.

आपल्याकडेही आता गावोगावी कराओकेचे मेळे भरतात. बायका हौसेनं लता-आशाची गाणी घेतात. भोंडला, अंताक्षरी, भिशी, सगळीकडे आपण गातोच. पण गातो ते सगळ्यांच्या घोळक्यात. एकटीनं माइक हातात धरून, हे माझं गाणं, असं म्हणायची सवय आपल्याला कमी.

पहिल्या हिवाळ्यात मी त्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकले नव्हते. पुण्याला परत निघायच्या आधीच्या बुधवारी मी त्यांच्याकडून 'कॉसमॉस' शिकून घेतलं. माझी मुलगी आता परगावी असते. परवा फोनवर बोलता बोलता मी नकळत गुणगुणत होते. तिनं विचारलं, "आई, हे कोणतं गं?"

मी म्हटलं, "माझं अठरा नंबरचं." आणि मग तिला ती लहान असतानाची एक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ही तू मागच्या आठवड्यातही सांगितली होतीस."