मुलांच्या हातची गव्हाण

(महोत्सवी वर्षांत आगमनकालाच्या आरंभीं पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं नाताळची गव्हाण कशी असावी, याविषयीं गेल्या पंधरवड्यांत आमच्याकडे पुष्कळ सूचना आल्या. शहरांतून तयार मूर्ति व विजेची रोषणाई आणावी, वर्गणी आम्ही काढूं, असें कित्येकांचें म्हणणें आहे. त्यामागील भक्तीविषयीं आम्हांला शंका नाहीं. परंतु ही गव्हाण मुलांनींच करावी, आणि मुलांनीं केली तशीच ती राहावी, असें आमचें मागणें आहे. व तें कां, हें सांगतांना आम्हांला स्वतःची एक चूक तुमच्यापुढें मांडावी लागेल.

तत्पूर्वीं गव्हाणीची मूळकथा थोडी पाहूं. संत लूकच्या शुभवर्तमानांत गव्हाण आहे, परंतु गोठ्याचा उल्लेख नाहीं. बैल व गाढव तर मुळींच नाहींत. तीं जनावरें यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायावरून ख्रिस्ती लोकांनीं प्रभूपाशीं आणून उभीं केलीं. १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो नांवाच्या डोंगराळ गांवीं असिसीचे संत फ्रान्सिस यांनीं नाताळपूर्वीं सुमारें पंधरा दिवस तेथील जोव्हान्नी नांवाच्या गृहस्थास सांगून ठेवलें कीं, गव्हाण, गवत, बैल व गाढव यांची तयारी कर. बेथलेहेमांत त्या बालकाला कोणत्या अडचणी सोसाव्या लागल्या, हें आम्हांला डोळ्यांनीं पाहावयाचें आहे. त्या रात्रीं आसपासचे स्त्रीपुरुष मेणबत्त्या व मशाली घेऊन जमले. गव्हाणीवर पवित्र मिस्सा झाली. संत फ्रान्सिस हे डीकन होते, म्हणून शुभवर्तमान त्यांनीं गायलें व प्रवचनहि केलें. त्यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस यांच्या वृत्तांतांत मूर्ति कोठेंच नाहींत. गांवांत जें होतें तेंच तेथें होतें. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं १ डिसेंबर २०१९ रोजीं त्याच ग्रेच्चोस जाऊन गव्हाणीविषयींच्या पत्रावर सही केली, व घरोघरीं ही प्रथा जतन करण्यास उत्तेजन दिलें.

मग आपल्या मांजरीस काय कमी आहे? जुन्या शिवारांत आज इमारती उभ्या आहेत हें खरें. तरी ऊसाची संशोधनसंस्था येथें आहे, द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र येथें आहे, आणि थोडें पुढें गेलें कीं शेतीहि दिसते. आक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांतून काड्यांचे भारे निघतात. गळिताचा हंगाम सुरू असतो म्हणून पाचटहि मिळतें. काड्यांच्या भिंती कराव्या व वर पाचटाचें छप्पर घालावें. पाचटाची कड हाताला कापते, एवढें मात्र मोठ्यांनीं पाहावें, आणि बाळाखालीं भाताचा पेंढाच घालावा. ही दुसरी सूचना आमची नव्हे. पाचट बाळाला टोचेल, असें धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एका चिमुरडीनें आम्हांस बजावलें होतें.

डोंगर कसा करावा, हें तर पुण्याकडील मुलांना शिकवावेंच लागत नाहीं. दिवाळींत शेजारच्या मुलांबरोबर आपलीं मुलेंहि दगडमातीचे किल्ले बांधतात व त्यांवर अळीव पेरतात. दिवाळी सरली कीं ती माती अंगणांत तशीच पडून राहाते. तीच आणावी. नाताळपूर्वीं आठदहा दिवस तिच्यावर अळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडावें, म्हणजे बेथलेहेमच्या टेकड्या हिरव्या होतात. बेथलेहेमची भूमि खडकाळ आहे, तेथें इतकी हिरवळ कोठची, असें एका ज्येष्ठ गृहस्थांनीं आम्हांस विचारलें. त्यांचें म्हणणें आम्हीं मान्य केलें आणि अळीव पेरूं दिलें.

बैलासाठीं आपल्यापाशीं पोळा आहे. आपल्यांतील अनेक कुटुंबें जुन्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील खेड्यांतून इकडे आलीं. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या आज्या अजून आपल्यांत आहेत, आणि त्यांना कोणी विचारीत नाहीं. काळी माती वाळतांना आकसते व तडकते. म्हणून तींत बारीक भुसा किंवा थोडी राख मळावी, पाय आंखूड व जाड ठेवावे, शिंगांत काडी घालावी, आणि बैल सांवलींत वाळवावा. हें ज्ञान आम्हांला सेमिनरींत मिळालें नाहीं. एका आजीबाईंपाशीं बसून मिळालें.

ताऱ्याविषयीं थोडक्यांत सांगतों. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्या. पांच पांच कामट्यांचे दोन पंचकोनी तारे बांधून त्यांचीं टोकें एकमेकांस जोडावीं. आंतील पांच सांध्यांत पांच आंखूड काड्या आडव्या बसविल्या कीं तारा फुगतो. मग पतंगाचा कागद व कणकेची खळ. आंत मेणबत्ती ठेवूं नये. विजेचा लहानसा दिवा पुरे. बाळाची मूर्ति चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणींत ठेवूं नये, आणि पूर्वेकडील ज्ञानी लोक खोलीच्या दूरच्या कोपऱ्यांतून निघून रोज वीतभर पुढें सरकत ६ जानेवारीस पोंचावे. मुलांना वाट पाहाणें म्हणजे काय, हें यावरून आमच्या प्रवचनापेक्षां लवकर कळतें.

आतां आमची चूक. कांहीं वर्षांपूर्वीं दहा वर्षांच्या एका मुलानें असाच एक बैल केला. डोकें धडाहून मोठें, एक शिंग खालीं वळलेलें. चोवीस तारखेच्या संध्याकाळीं बाहेरचे पाहुणे येणार म्हणून आम्हीं तो उचलून साक्रिस्तींतील कपाटामागें ठेवला, व त्याच्या जागीं एक सुबक प्लास्टरचा बैल मांडला. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर तो मुलगा वडिलांचा हात धरून गव्हाणीपाशीं आला. त्यानें पाहिलें व कांहींएक न बोलतां तो निघून गेला. त्यानंतरच्या रविवारीं वेदीसेवेस तो आला नाहीं. नववर्षदिनींहि आला नाहीं. तेव्हां आम्ही त्याच्या घरीं गेलों. आजीबाई म्हणाल्या, “फादर, बैल दाखवायचा म्हणून त्यानं बापाला रातपाळीची रजा टाकायला लावली होती.” आम्हीं मुलाला जवळ घेऊन म्हटलें, “बाळा, आमचं चुकलं.” त्यानें विचारलें, “फादर, बैल फुटला होता का?” फुटला असता तर त्याचें मन राहिलें असतें, हें आम्हांस दिसत होतें. परंतु “नाही,” असेंच म्हणावें लागलें.

तीन राजांच्या सणाच्या दिवशीं तो बैल त्यानें स्वतः आणून मांडला, पूर्वीपेक्षां बाळाच्या अधिक जवळ. आज तो महाविद्यालयांत शिकतो व दर वर्षीं डोंगर बांधावयास येतो. बैलाला मात्र हात लावीत नाहीं. तें लहानांचें काम, असें म्हणतो.

पालकहो, तुमच्यापैकीं बहुतेकांना पाळ्या आहेत, प्रवास आहे. रिकामा वेळ फार थोडा, हें आम्ही जाणतों. आम्ही फक्त आठवड्यांतील एक घटका मागतों, आणि त्या घटकेंत मुलाच्या हातांतील कात्री काढून घेऊं नये, एवढेंच मागतों. खळ गळेल, तारा वांकडा होईल. झावळ्यांच्या रविवारीं पानाचा क्रूस वळतांनाहि आपण हाच उतावळेपणा करतों. मुलाचा सुटला कीं चटकन आपला त्याच्या हातीं देतों.

वर्गणी काढावयाची असल्यास अवश्य काढा. धर्मग्रामांतील आजाऱ्यांच्या औषधपाण्यास ती उपयोगी पडेल. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर मुलांना किल्ल्याच्या मातीची एकएक पिशवी देऊन पाठवावें. ज्या आजींना बैल करतां येतो त्यांनीं पुढच्या बाकावर बसावें. भुसा आम्हीं चाळून ठेवला आहे.