८ जीबी रॅम आणि एलएलव्हीएमचा बिल्ड

आजचा विषय: मोठं सॉफ्टवेअर सोर्सपासून कंपाइल करताना मेमरी संपते, तेव्हा काय करायचं?

माझंच उदाहरण घ्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एलएलव्हीएममध्ये, म्हणजे क्लँग कंपायलर ज्यावर उभा आहे त्या प्रोजेक्टमध्ये, एक छोटासा बदल पाठवायचा होता. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. रात्री बिल्ड लावून झोपलो. सकाळी बघतो तर शेवटच्या टप्प्यात मेसेज: 'एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल ९, किल्ड'. सलग तीन रात्री हेच. म्हटलं, ओपन सोर्स हे भारी मशीनवाल्यांचं काम. सहा महिने परत हात लावला नाही. चूक माझीच होती.

'किल्ड' दिसलं की आधी कोडमध्ये चूक शोधू नका. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल सिस्टीम वाचवण्यासाठी एखादी प्रोसेस मारतो, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त मेमरी खाणारी. 'डीमेसेज' कमांड चालवा. 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ दिसली, तर निदान पक्कं.

आता मेमरी जाते कुठे? माझ्या प्रोसेसरला ८ थ्रेड. निंजाला काही सांगितलं नाही तर तो त्यात २ मिळवून १० कामं एकदम सुरू करतो. रॅम किती आहे, हे तो बघतच नाही. ८ ताटं आणि १० जणांची पंगत बसवल्यासारखं! सी प्लस प्लसची एक जड फाइल एकटीच १ जीबीच्या वर जाऊ शकते. त्यात लिंकिंग आणखी भुकेलं. डीबग बिल्डमध्ये एकेक लिंक कित्येक जीबी खातो, आणि असे चार-पाच लिंक शेवटी एकदम सुरू होतात. म्हणून माझा बिल्ड दरवेळी शेवटीच मरायचा.

मग उपाय काय?

पहिला, कामं कमी करा. ढोबळ हिशोब: एका कामाला २ जीबी. ८ जीबीला ब्राउझर बंद करून 'निंजा डॅश जे ३'.

दुसरा, सीमेकमध्ये 'एलएलव्हीएम पॅरलल लिंक जॉब्स' १ ठेवा. एका वेळी एकच लिंक.

तिसरा, डीबगऐवजी रिलीज बिल्ड घ्या, असर्शन्स चालू ठेवून. टार्गेट फक्त आपल्या प्रोसेसरचं, आणि लिंकर एलएलडी.

चौथा, ८ जीबीची स्वॅप फाइल. पण स्वॅप म्हणजे गाडीतली स्टेपनी. अडल्यावर कामाला येते, रोज त्यावर गाडी पळवायची नाही. सगळं काम स्वॅपवर गेलं की लॅपटॉप गोगलगाय होतो.

आणि हो, बिल्ड मेला म्हणून फोल्डर पुसू नका! मी तिन्ही रात्री तेच केलं होतं. फक्त कामांची संख्या कमी करून तीच कमांड परत चालवा. तयार झालेल्या फाइल्स निंजा पुन्हा कंपाइल करत नाही. बिल्ड टाइप बदललात, तर मात्र सगळं पहिल्यापासून.

सहा महिन्यांनी त्याच लॅपटॉपवर असा बिल्ड लावला. वेळ लागला, रात्र गेली, पण सकाळी क्लँग तयार होता. रॅम तेवढीच होती.

तुमचा एखादा बिल्ड अर्धवट पडलाय? आज रात्री 'डॅश जे २' देऊन बघा. भेटूया पुढच्या भागात!