आतला कोण, बाहेरचा कोण?

(वैशाली नगर, भिलाई येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून या गावातील कितीतरी घरांचा दिवस कारखान्याच्या दरवाज्याशी बांधला गेला आहे. मुख्य दरवाज्यातून आत गेलेला माणूस कोणत्याही विभागात मन मानेल तसा शिरू शकत नाही, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. आज मी ज्या पहाऱ्याविषयी बोलणार आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्याचे मर्म या एका गोष्टीत आले आहे.

मेघसंगणन हा शब्द काहीसा फसवा आहे. मुंबई, हैदराबाद यांसारख्या शहरांतील मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक मांडलेले असतात. त्यांतील एकेका संगणकाच्या शक्तीचे आज्ञावलीच्या साह्याने अनेक भाग पाडतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र यंत्राप्रमाणे वागतो. त्यालाच आभासी यंत्र म्हणतात. भारत सरकारचीही अशी व्यवस्था आहे. तिचे नाव ‘मेघराज’. वैशाली नगरातील एखादी विद्यार्थिनी घरी बसून असे यंत्र काही मिनिटांत भाड्याने घेऊ शकते. त्या यंत्राला सार्वजनिक पत्ता मिळाला, की थोड्याच वेळात त्याच्या दारावर अनोळखी थापा पडू लागतात. थापा मारणारी बहुधा माणसे नसतात. रात्रंदिवस पत्ते धुंडाळणाऱ्या आज्ञावल्या असतात.

या दारावरील पहारेकऱ्यास फायरवॉल म्हणतात. नावात भिंत असली, तरी ती नियमांची यादी होय. प्रत्येक नियम काही प्रश्नांची उत्तरे देतो : संदेश आत येत आहे की बाहेर जात आहे? तो कोठून निघाला व कोणाकडे चालला आहे? तो कोणत्या क्रमांकाच्या दाराने जाऊ इच्छितो? आणि त्यास मुभा द्यावी की नकार? समजा, एका दुकानाचे संकेतस्थळ चालवावयाचे आहे. ग्राहकांसाठी ४४३ क्रमांकाचे दार सर्वांना खुले हवे. देखभालीचे २२ क्रमांकाचे दार केवळ आपल्या कचेरीच्या पत्त्यास उघडावे. हिशेबाची माहिती साठविणाऱ्या यंत्राचे दार मात्र संकेतस्थळ चालविणाऱ्या यंत्रांखेरीज कोणासही उघडता कामा नये.

येथवर गोष्ट सोपी वाटते. अडचण पुढे येते. गूगलच्या व्यवस्थेत प्रत्येक नियमास ० ते ६५५३५ यांमधील प्राधान्यक्रमांक असतो. लहान क्रमांकाचा नियम आधी पाहिला जातो आणि जो प्रथम लागू पडेल, तेथेच निकाल लागतो. ॲमेझॉनच्या ‘सिक्युरिटी ग्रुप’मध्ये नकाराचा नियमच नसतो, जे लिहिले नाही ते वर्ज्य, असा तेथील संकेत आहे. म्हणून एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी घेऊन जाणारा हमखास फसतो.

मीही फसलो आहे. एका सायंकाळी घाईच्या कामासाठी मी सर्वांस मुभा देणारा एक नियम १०० या क्रमांकाने लिहिला. दुसऱ्या दिवशी तो काढून टाकण्याऐवजी नकाराचा नवा नियम १००० या क्रमांकाने जोडला आणि निर्धास्त झालो. यादीत नकार ठळक दिसत होता. पण त्याच्यापर्यंत पाळी कधी येतच नव्हती. काही आठवड्यांनी घरच्या फोनवरून सहज प्रयत्न केला, तेव्हा दार उघडले. नियम वाचून दार बंद असल्याची खात्री होत नाही. ती बाहेरून ढकलूनच होते.

याहून मोठी चूक मात्र क्रमांकांची नसते. ‘आतला तो आपला’ ही समजूत अधिक घातक असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. अनेक देशांतील एटीएम यंत्रांतून पैसे काढले गेले. त्या मागण्या बँकेच्या मूळ हिशेबव्यवस्थेपर्यंत न जाता एका बनावट मध्यस्थ यंत्रणेकडून मंजूर होत होत्या. हे प्रकरण मेघसंगणनाचे नव्हते. तरीही कोण कोणाच्या वतीने बोलत आहे, हे आतल्या आतही विचारले पाहिजे, हा त्यातील धडा आभासी यंत्रांना पुरेपूर लागू पडतो. एक यंत्र शत्रूच्या हाती गेले, तर शेजारच्या यंत्रांची दारे त्यास बंदच आढळली पाहिजेत.

दुसरे दुर्लक्ष दिशेचे. सामान्यतः नव्या यंत्रावर बाहेरून येणाऱ्यास नकार आणि आतून जाणाऱ्यास पूर्ण मुभा असते. घुसखोर चोरलेली माहिती याच मोकळ्या वाटेने नेतो. या गावाला उलट्या प्रवाहाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. १२ जून २०१४ रोजी पंपगृहातील बिघाडाने पाण्याचा दाब घटला आणि झोतभट्टीचा विषारी वायू पाण्याच्याच नळातून मागे आला. सहा जणांचे प्राण गेले. जी वाट पाण्यासाठी होती, तिने वायू आला. संगणकाच्या जाळ्यातील चुकीने नेहमीच जीव जातात असे नाही; परंतु इस्पितळे, वीज आणि कारखाने आज त्याच जाळ्यावर अवलंबून आहेत. म्हणून कोणतीही वाट मोकळी ठेवताना तिच्यातून आणखी काय वाहू शकेल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता एक विनंती. घरी गेल्यावर आपल्या संस्थेची नियमांची यादी उघडा. प्रत्येक नियमापुढे तीन गोष्टी लिहा : तो कशासाठी आहे, कोणी मागितला आणि केव्हा रद्द व्हावयाचा आहे. शक्य तेथे पत्त्याऐवजी यंत्राच्या कामावरून नियम लिहा, कारण आभासी यंत्रे आज असतात व उद्या नसतात आणि त्यांचा पत्ता दुसऱ्यास मिळतो. ये-जा नोंदविण्याची सोय चालू करा. २०२२ च्या सरकारी निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. त्या नोंदींवरून काही दिवस पाहा, की कोणता नियम खरोखर वापरात आहे. ज्याचे कारण कोणासच सांगता येत नाही आणि ज्याच्या वाटेने कोणी जातही नाही, तो नियम काढून टाका. पुष्कळ याद्या यानंतर निम्म्याही उरणार नाहीत. उरलेली यादी मात्र आपल्या पाठीमागे येणाऱ्या माणसास वाचता येईल, आणि रात्री दोन वाजता संकट आले तर त्याला तीच उपयोगी पडेल.