काय टिपावे, काय सोडावे

एखाद्या कारखान्यातल्या बॉयलरला तापमापक बसवला आहे आणि तो दर सेकंदाला एक आकडा पाठवतो, असे समजा. दिवसाचे झाले ८६,४०० आकडे. असे १०,००० मापक असले, तर एका दिवसाचा हिशेब जातो ८६ कोटी ४० लाखांवर! हे सगळे साठवायचे कशाला? बॉयलर १८० अंशांवर स्वस्थ असतो, १८०.१, १७९.९ अशी जी चुळबुळ दिसते, ती पुष्कळदा मापकाचीच असते.

म्हणून एक पट्टा ठरवतात. समजा, अर्ध्या अंशाचा. फरक त्याच्या आत असेल तर आकडा सोडायचा, बाहेर गेला तर नोंदायचा. किती सोपं, नाही? पण फरक मोजायचा कशापासून? मागच्या सेकंदाच्या आकड्यापासून मोजलात, तर फसलात! तापमान मिनिटाला ०.१ अंशाने चढत गेले, तर दोन तासांत ते १२ अंश वर जाईल आणि दप्तरी एकही नोंद नसेल. फरक मोजावा तो शेवटच्या नोंदलेल्या आकड्यापासून.

दुसरी गोष्ट. दहापासून बारापर्यंत तापमान स्थिर राहिले आणि बाराला एकदम उसळले. दहाची आणि बाराची एवढीच नोंद असेल, तर आलेख पाहणाऱ्याला वाटेल, ते दोन तास हळूहळू चढत होते. अपघाताच्या चौकशीत हा केवढा घोटाळा! म्हणून उसळीच्या लगेच आधीचा आकडाही नोंदतात. शिवाय बदल नसला तरी ठराविक वेळाने एक नोंद घेतात. नाहीतर सगळे स्थिर आहे की मापकच बंद पडला, हे कळायचे कसे?

आकडा एकसारखा चढत असेल तर? त्यावर एडगर ब्रिस्टल यांनी शोधलेल्या युक्तीला १९८७ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. शेवटच्या नोंदीच्या वर आणि खाली, पट्ट्याच्या अंतरावर, दाराच्या दोन फळ्या कल्पायच्या. येणारा आकडा त्या उघडत नेतो. त्या समांतर होण्यापलीकडे उघडल्या, की रेषा वळली असे समजायचे आणि आधीचा आकडा नोंदायचा. सरळ चढणीची मग दोन टोके पुरतात.

पट्टा मात्र बॉयलर जाणणाऱ्यानेच ठरवावा. मापकाच्या चुळबुळीहून तो रुंद हवा, आणि ज्या बदलाने काम बिघडते त्याहून अरुंद. कारण जो आकडा सोडला, तो पुन्हा मागता येत नाही.