पत्त्यांतलें क्रिकेट

मैदानावरचा खेळ घरांत बसून खेळावा, ही हौस सर्वत्र आढळते. अमेरिकेंत १९६१ सालीं ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नांवाचा बेसबॉलचा खेळ निघाला. त्यांत प्रत्येक खेळाडूचें एक कार्ड असतें. मागील हंगामांतील त्याच्या कामगिरीवरून कार्डावर कोष्टक मांडलेलें असतें आणि फांसे टाकून सामना चालतो. आपल्याकडे परभणीपासून पुण्यापर्यंतच्या मुलांनीं क्रिकेटच्या ट्रंप कार्डांवर कित्येक सुट्या घालविल्या. पत्त्यावर सामने, धावा, बळी असे रकाने. एकानें रकाना पुकारावा, व ज्याचा आंकडा मोठा त्यानें दुसऱ्याचा पत्ता घ्यावा. ज्यांच्याजवळ पत्ते नसत, तीं मुलें पाठ्यपुस्तक उघडून पृष्ठांकाच्या शेवटच्या अंकाइतक्या धावा मांडीत. पुस्तकाला पहिला फलंदाज आणि अकरावा फलंदाज सारखेच!

या मोजमापांस खरा खेळ कितपत सांपडतो, तें श्रोत्यांनीं पाहावें. डिसेंबर १९४३ मध्यें मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. हिंदु संघाच्या ५८१ धावांपुढें ‘रेस्ट’ संघ १३३ धावांत आटोपला व त्यास लगेच पुन्हां खेळावें लागलें. या दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. त्यांचे धाकटे बंधु विवेक यांच्या धावा अवघ्या २१. परंतु या दोघां भावांची भागीदारी झाली ३०० धावांची! पत्त्यांच्या डावांत ३०९ हा आंकडा बहुधा हरावयाचा नाहीं, आणि २१ चा पत्ता कोणीहि घेऊन जाईल. तथापि तो २१ चा गडी टिकला नसता, तर ३०९ कोठून झाल्या असत्या?

आतां नाशिकचे बापू नाडकर्णी पाहा. जानेवारी १९६४ मध्यें मद्रास येथें इंग्लंडविरुद्ध एका डावांत त्यांनीं ३२ षटकें टाकलीं. त्यांतलीं २७ निर्धाव, पैकीं २१ ओळीनें. दिलेल्या धावा ५, बळी एकहि नाहीं. बळींचा रकाना पुकारला, कीं हा पराक्रम शून्य.

मर्यादित षटकांच्या सामन्यांसाठीं अलीकडे निघालेल्या गुणमोजणीच्या खेळांत निर्धाव षटकास जादा गुण आणि संथ फलंदाजास दंड, अशी पद्धत आढळते. त्या हिशेबानें नाडकर्णी यांच्यापुढें गुणांची रास पडेल. विवेक हजारे यांचे मात्र असलेले गुणहि वजा होतील. धीर दोघांनीं धरला. एकाच्या धीराला रकाना होता, दुसऱ्याच्या धीराला नव्हता, इतकेंच.

आंकडा खोटा नसतो. पण काय मोजावयाचें, हें रकाना आंखणारा आधींच ठरवून बसलेला असतो. शाळेची गुणपत्रिका हाहि असाच रकान्यांचा कागद आहे. तो हातीं आला म्हणजे आईबापांनीं बेरीज अवश्य पाहावी. मात्र ज्या गुणाला त्यावर रकानाच नाहीं, तो मुलाच्या ठिकाणीं आहे कीं काय, हेंहि शोधावें.