रेस सोडली की गाडी बंद पडते

(देवगाव रंगारी येथे शेतकऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



पीकशास्त्र शिकविणारा माणूस मोटारीवर काय बोलणार, असे आपणास वाटेल. परंतु या भागात कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० आणि ओम्नी अजूनही दिसतात. पहाटे आल्याची पोती लासूरला न्यायची ती त्यातून, आणि रात्री घरातले माणूस दवाखान्यात न्यायचे तेही त्यातूनच. अशी गाडी आडरस्त्यावर आडली तर नुसते पैशाचे नुकसान होत नाही.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. २००० च्या सुमारास तिला इंधन फवारणारी पद्धत आली, त्यापूर्वीच्या गाड्यांना कार्बोरेटर आहे. माझीही तशीच आहे. दोन वर्षांपूर्वी कसाबखेड्याजवळ ती बंद पडली. रेस धरून ठेवली की चाले, पाय उचलला की गप्प. मिस्त्रीने कार्बोरेटर दोनदा धुतला, मग नवीन घ्यायला सांगितले. शेवटी दोष निघाला एका सैल झालेल्या वायरीचा!

ती वायर कशाची, ते समजून घ्या. कार्बोरेटरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढा एक विजेचा व्हॉल्व्ह असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. किल्ली चालू केली की वीज मिळून त्याची दांडी मागे सरकते आणि स्लो जेटकडे जाणारी पेट्रोलची वाट उघडते. किल्ली बंद केली की स्प्रिंग दांडी पुढे ढकलते, वाट बंद. हे नसेल तर तापलेले इंजीन किल्ली काढल्यावरही धडधडत राहू शकते. पण वीज तुटली तर हाच व्हॉल्व्ह चालू गाडीचे स्लोचे पेट्रोल तोडतो. मुख्य जेट वेगळा असल्याने रेसवर गाडी चालते, आणि म्हणूनच माणूस फसतो.

तपासणी सोपी आहे. इंजीन बंद ठेवा, बॉनेट उघडा. एकाने किल्ली चालू-बंद करावी, दुसऱ्याने कार्बोरेटरजवळ कान द्यावा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर आधी फ्यूज, मग वायरीचे टोक पाहा. हिरवट गंज चढला असेल तर घासून घट्ट बसवा. टेस्ट लॅम्पवर वीज दिसते, तरी आवाज नाही, तर सोलेनॉइड बदला. आवाज येतो पण स्लो टिकत नाही, तर स्लो जेट तुंबलेला समजावा. ठिबकाची तोटी तुंबते तसेच हे आहे. जेट हवेने फुंकून साफ करा. त्यात तार घालू नका, पितळेचे छिद्र मोठे झाले की गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. काही ठिकाणी दांडीचे टोकच कापून टाकतात. गाडी चालते हे खरे, पण मी त्याला दुरुस्ती म्हणत नाही.

याच्या उलट लक्षण असेल, म्हणजे स्लो ठीक पण चढाला किंवा ओझ्याला गाडी आचके देऊन मरते, तर सोलेनॉइडला हात लावू नका. तिथे पेट्रोलच कमी पोचते आहे. टाकीचे झाकण उघडा. 'फुस्स' आवाज होऊन गाडी नीट चालू लागली तर झाकणाची हवेची वाट बंद आहे. त्यानंतर फिल्टर, मग पेट्रोल पंपाचा पडदा, शेवटी कार्बोरेटरच्या कटोरीतला फ्लोट व त्याची सुई. एप्रिल-मे महिन्यांत नळीत पेट्रोलची वाफ होऊनही गाडी आडते. तेव्हा ती सावलीत उभी करून निवू द्या, पंपावर ओले फडके ठेवा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यात आपल्या उसाचा आणि मक्याचा वाटा आहे, याचे मला समाधानच आहे. परंतु जुन्या गाडीचे रबर त्यासाठी बनवलेले नाही. नळ्या, पडदा, गॅस्केट फुगलेले किंवा तडकलेले दिसले की बदलून घ्या. इथेनॉल ओल धरते, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनामहिना उभी ठेवू नका.

एक सावधगिरी मात्र काटेकोर पाळावी. पेट्रोलची नळी सोडण्यापूर्वी इंजीन निवू द्या, बॅटरीचे टोक काढा, आणि बिडी ओढणाऱ्या पाहुण्याला लांब बसवा. माझ्या गाडीत आता टेस्ट लॅम्प, दोन फ्यूज आणि वीतभर वायर कायम असते.